इंजिनकाकीची भीती

आमच्या वाडीत सगळ्यांत भित्री बाई कोण, असं कुणी विचारलं असतं तर शेंबड्या पोरानंही इंजिनकाकीच्या घराकडे बोट दाखवलं असतं. ती विजांना भ्यायची, भरतीच्या पाण्याला भ्यायची, आमच्या म्हाताऱ्या कुत्र्यालाही भ्यायची. पण सगळ्यांत जास्त भ्यायची ती स्वतःच्या इंजिनाला. आणि पोट भरायची तीही त्याच इंजिनावर.

त्या काळी गावात वीज नव्हती. लग्नाला, मुंजीला, शाळेच्या संमेलनाला दिवे आणि कर्णा हवा असला की लोक काकीचं इंजिन भाड्यानं न्यायचे. दोन गड्यांनी बांबूला अडकवून उचलावं एवढं ते धूड होतं. एका अंगाला इंजिन, दुसऱ्या अंगाला डायनॅमो आणि मध्ये पट्टा. वर दोन टाक्या, लहान पेट्रोलची, मोठी रॉकेलची. पेट्रोलवर सुरू करायचं, अंगात चांगली ऊब आली की कॉक फिरवून रॉकेलवर घालायचं. इंजिन जाईल तिथं बैलगाडीत मागे काकी बसलेली असायचीच. ते एकटं तिनं कधी कुणाच्या हाती दिलं नाही.

सुरू करण्याआधी ती लुगड्याचा पदर कमरेला घट्ट खोचायची, डोक्याला फडकं बांधायची आणि इंजिनासमोर हात जोडायची. मी लग्न होऊन वाडीत नवी आले तेव्हा मला वाटलं, पूजेसारखं काही असेल.

"नमस्कार करतंस काय गो काकी?" मी विचारलं.

"नमस्कार खंयचो? आज कोणाक मारू नको, म्हणान सांगतंय तेका."

ती हे हसून म्हणाली नव्हती.

माझं माहेर मसुऱ्याचं, भातशेतीतलं. लग्न होऊन मी समुद्राकाठच्या या घरात आले. सासऱ्यांची, म्हणजे आमच्या मामंजींची, रापण होती, किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. वाडीत त्यांचा शब्द चालायचा. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. नवरा मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला येणारा. घरात मी, मामंजी, लग्नाची नणंद आणि मामंजींची म्हातारी बहीण, जिला सगळे आत्ये म्हणत. मासळी कशी निवडायची, पावसात चूल कशी जिवंत ठेवायची, हे मला कुंपणापलीकडून काकीनंच शिकवलं. आणि घाबरायचं कशाला, हेही तिनंच.

तिच्या नवऱ्याची हकीकत मला आधी आत्येनं सांगितली. काका मुंबईला एका कारखान्यात होते. तिथून येताना त्यांनी हे इंजिन आणलं आणि आसपासच्या गावांत दिवे पुरवायला लागले. एका श्रावणात इंजिनात काही बिघाड झाला. घरामागच्या खोपीत ते दुरुस्त करत बसले. पाऊस तिरपा येत होता, इंजिन भिजू नये म्हणून त्यांनी दार आतून ओढून घेतलं आणि चालवून बघायला लागले. काकी बाजारात गेली होती. परत आली तर इंजिन रॉकेल संपून थांबलेलं आणि काका भिंतीला टेकून बसलेले. गाल लाल, जसे काही उन्हातून आलेले. डोळा लागला असेल, असं समजून तिनं पान वाढलं आणि जेवायला हाक मारली. दोनदा मारली. मग जाऊन खांद्याला हात लावला.

गावानं देवदेवस्की करणारा घाडी बोलावला. घाड्यानं सांगितलं, गावाची राखण करणाऱ्या देवचाराच्या वाटेवर खोप बांधली, म्हणून त्यानं माणूस नेला. सगळ्यांना ते पटलं. काकीला पटलं नाही, कारण त्याच खोपीत टोपलीखाली तिची खुडूक कोंबडी होती. तीही मेली होती.

"देवचार रागावलो तर माणसावर रागावतलो," ती मला म्हणायची. "कोंबडेन तेचा काय खाल्ल्यान होता? तो धूर गो. दिसना नाय, वासाक येना नाय. झोपयता आणि नेता."

तेव्हापासून छपराखाली इंजिन सुरू करायचं नाही, हा तिचा नेम. लग्नघरी गेली की ती आधी वारा बघायची. मूठभर कोरडी माती हातातून सोडायची. ती जिकडं उडेल तिकडं, घरापासून लांब, उघड्यावर इंजिन ठेवायचं. वर चार खांबांवर पत्रा, बाजू मोकळ्या. तारा कमी पडल्या तर ती पुन्हा घरी जाऊन तारा आणायची, पण इंजिन जवळ सरकवायची नाही. ओल्या जमिनीत लोखंडी कांब ठोकून तिला तार जोडायची. स्वतः फळीवर उभी राहायची आणि हात कोरडे केल्याशिवाय कशाला शिवायची नाही. "ओल्या हातान तारेक शिवशात," ती गोळा झालेल्या लोकांना सांगायची, "तर फुडचा जेवाण तुमच्या बाराव्याचा." शुभकार्याच्या घरात असलं बोलणं कुणाला आवडणार? बायका तोंडात पदर घालत. काकी पर्वा करायची नाही.

पेट्रोलच्या डब्याला तिनं तांबडी चिंधी बांधलेली असायची, रॉकेलचा डबा साधा. दोन्ही डबे घरात नाहीत, चुलीपासून लांब, माडाखालच्या लहानशा खोपटात. "पेट्रोल म्हणजे फुरसा, रॉकेल म्हणजे आजगर," असं ती म्हणायची. "एक डसता, दुसरा गिळता. दोगांका एका घरात ठेवचा नाय." दोन्ही एकमेकांत मिसळायची नाहीत, नरसाळंसुद्धा वेगळं. इंजिन गरम असताना टाकीत थेंबही पडू द्यायची नाही. एका मुंजीत भर जेवणावळीच्या वेळी रॉकेल संपलं, दिवे गेले, पंगत अंधारात बसली. यजमान हाका मारमारून थकले. काकी इंजिनाशेजारी पंख्यानं वारा घालत बसून राहिली. "हात टेकान रवाक येता काय तेच्यावर? नाय मा? मगे गप बसा. भात खंय पळान जाना नाय."

तिच्याबरोबर नेहमी वाळूची टोपली असायची. गाडीवान भिकू एकदा डब्याजवळ उकिडवा बसून विडी पेटवत होता. काकीनं आख्खी टोपली त्याच्या तोंडावर ओतली. विडी विझली, भिकूच्या मिशीतून दोन दिवस वाळू निघत होती. तो रागानं लाल झाला, पण काकीकडे बघून मागे सरकला. तिचे दात भीतीनं एकमेकांवर आपटत होते.

लोक हसायचे तिला. मीही हसायचे. काम संपलं की इंजिन पुन्हा पेट्रोलवर घेऊन मगच बंद करणं, दुसऱ्या दिवशी तेल दोन बोटांत चोळून त्याला रॉकेलचा वास येतो का ते बघणं, प्लग घासणं, पट्ट्यावरून हात फिरवून कुठं चीर गेली आहे का ते शोधणं, हे सगळं ती तोंडानं पुटपुटत करायची. जसं काही कुणी मागे काठी घेऊन उभं आहे.

मग नणंदेचं लग्न ठरलं. वरपक्ष सावंतवाडीचा, चांगला खाऊनपिऊन सुखी. मामंजींनी घरापुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, मोठा मांडव घातला, मांडवाला रंगीत दिवे आणि मंगलाष्टकांना कर्णा. काकीनं इंजिन परसाच्या टोकाला, फणसापलीकडे ठेवलं होतं. वैशाख संपत आलेला. मुहूर्त जवळ आला आणि वळवाचा पाऊस कोसळला. नुसता पाऊस नाही, वारा असा की काकीचा पत्रा उडून शेजारच्या शेताच्या मेरेवर, बांधावर, पडला. तिनं इंजिन बंद केलं आणि त्यावर ताडपत्री टाकली. कर्णा मुका झाला, दिवे गेले.

मामंजी भिजत तिच्याकडे गेले. मी मागच्या दारातून बघत होते.

"वयनी, इंजिन पडवीत घेव. गडी उचलतत."

"पडवीत नाय, तात्यानू."

"अगो, पाच मिंटाचो प्रश्न. भटजी उभे आसत."

"पडवीक लागान माजघर. माजघरात व्हकाल नवरी आसा, बायकापोरां आसत. दारां सगळी लायलेली. माझ्यान होवचा नाय."

मामंजींचा आवाज चढला. मांडवातले लोक वळून बघायला लागले. वरपक्षाकडचं कुणीतरी हसलं. मामंजींनी गड्यांना खूण केली, गडी पुढे झाले, तशी काकी इंजिनापुढे आडवी पडली. खरंच आडवी पडली, मोठी माणसं समोर असताना, चिखलात. गडी मागे सरले.

मंगलाष्टकं भटजींनी कर्ण्याशिवाय म्हटली. पावसाच्या आवाजात ती कुणालाच धड ऐकू आली नाहीत. अक्षता भिजून हाताला चिकटल्या.

"माझी अब्रू घालवलंस, वयनी," मामंजी जाताना म्हणाले.

"अब्रू परत येता, तात्यानू," एवढंच ती म्हणाली.

त्या दिवसापासून मामंजींनी तिचं नाव टाकलं. मलाही कुंपणापलीकडे बोलायची बंदी झाली. मी चोरून बोलायचे, पण खरं सांगायचं तर मनातून मलाही वाटत होतं, काकीनं जरा अतिच केलं. पाच मिनिटांत काय होणार होतं?

पुढच्याच्या पुढच्या वर्षी गणपतीला नवरा मुंबईहून आला. माझी मुलगी तेव्हा पाळण्यात होती. मामंजींनी हट्टानं तालुक्याहून दुसरं इंजिन आणवलं, त्याच्याबरोबर एक माणूसही आला. मखराला दिवे, गणपतीसमोर रेकॉर्ड. चतुर्थीला दुपारपासून असा पाऊस लागला की समोरचा माड दिसेना. दुपारीच काळोख झाला. शेजारपाजारचं कुणी आरतीला येऊ शकलं नाही. मामंजींनी इंजिन पडवीत ठेवायला सांगितलं. पडवीला पावसासाठी झावळांची झापं गच्च बांधलेली. आम्ही पुढचं दार लावलं, खिडक्या लावल्या. माजघरावर लाकडी माळा, त्यामुळे आत उबदार होतं. दिव्यांत मखर असं दिसत होतं की मामंजींचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला.

आधी आत्येचं डोकं दुखायला लागलं. "दिस्ट लागली गणपतीक," ती म्हणाली आणि मीठमोहऱ्या ओवाळायला उठली ती परत बसली. मला मळमळत होतं. आदल्या दिवशी हरताळकेचा उपास, सकाळपासून चुलीपाशी मोदक. म्हटलं, त्यानंच असेल. नवरा भिंतीला टेकून जांभया देत होता. मामंजी पाटावर बसल्या बसल्या पेंगत होते. मुलगी पाळण्यात गाढ झोपली होती आणि मला बरं वाटलं, की बाई गं, आज रडत नाही. मी पाळण्याची दोरी धरून तिथंच खाली बसले. रेकॉर्ड संपून सुई नुसती घासत होती. उठून ती उचलावी असं कुणालाच वाटत नव्हतं.

मला आठवतं, माझ्या मनात अजिबात भीती नव्हती. त्या दुपारचा विचार आला की आजही माझ्या अंगावर काटा येतो तो त्याच गोष्टीनं.

मग पडवीच्या बाजूला काहीतरी फाटल्याचा आवाज झाला. इंजिन थांबलं, दिवे गेले आणि पुढच्या दारावर धपाधप थापा पडायला लागल्या.

"दार उगडा! तात्यानू! गो सुने! भायर या सगळी! दार उगडा!"

मी उठायला गेले तर पायांत जीव नव्हता. नवरा खांबाला धरत धरत दारापर्यंत गेला आणि त्यानं अडसर काढला. वाऱ्यापावसाबरोबर काकी आत आली. तिनं तोंड गच्च मिटलं होतं, गाल फुगले होते. ती श्वास धरून आली होती. कुणाकडे न बघता ती पाळण्याशी गेली, मुलीला उचललं आणि तशीच पावसात धावली. मी तिच्यामागे अक्षरशः रांगत गेले.

खळ्यात, तुळशीपाशी, चिखलात बसून तिनं मुलीला मांडीवर घेतलं होतं. मुलीची मान लोंबत होती. ओठांचा रंग मला बघवेना. काकी तिच्या तोंडावर फुंकर घालत होती, तळपाय चोळत होती आणि एकच बोलत होती, "घे गो बाये, घे, वारो घे." पाऊस त्या दोघींवर कोसळत होता. मी देवाचं नाव घ्यायचंही विसरले. मग मुलीनं तोंड वाकडं केलं, उचकी दिली आणि रडली. आधी बारीक, मग कान फाटतील असं. मी तिला ओढून घेतलं आणि मलाही ओकारी झाली.

नवऱ्यानं आणि काकीनं आत्येला बाहेर आणलं, मग पडवीतून तालुक्याच्या त्या माणसाला. तो पोत्यावर भिंतीला टेकून बसलेला सापडला होता. त्याला भिकूच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. वाचला; पण कितीतरी दिवस त्याला सरळ चालता येत नव्हतं, असं पुढे कळलं. मामंजी तेवढे आपल्या पायांनी आले आणि पायरीवर भिजत बसून राहिले.

तिथूनच ते म्हणाले, "वयनी, गणपती भितर एकटो रवलो."

"देवाक श्वास लागना नाय, तात्यानू," काकी म्हणाली. "आमका लागता."

तिला कळलं कसं, ते तिनं मला नंतर सांगितलं. पावसातही तिला आमच्या इंजिनाचा आवाज येत होता, पण तो उघड्यावरच्या इंजिनासारखा नव्हता. घागरीत तोंड घालून बोलावं तसा घुमत होता. ती बराच वेळ स्वतःच्या दारात उभी राहिली. मामंजींचा राग, न बोलावता जाणं, सणाचा दिवस. पण पाय अडले होते ते त्यामुळे नाही.

"मी भियालंय गो," ती म्हणाली. "तुमका काय झाला असात, म्हणान नाय. माका आत जावक लागतला म्हणान. झाप फाडलंय आणि बघलंय, तर तो माणूस भित्येक टेकान बसललो. गाल तांबडे. माका वाटला, आमचे हेच बसलेत. थंयसून पळान जावचा असा इतक्या जोरात वाटला, काय सांगू तुका! मगे तुझ्या चेडवाचो पाळणो आठवलो."

आणि ती रडायला लागली.

मामंजींनी माफी मागितली नाही. तो त्यांचा स्वभावच नव्हता. पण पाऊस ओसरल्यावर त्यांनी स्वतः माडाचे खांब उभे करून आमच्या बागेत, घरापासून लांब, चारी बाजूंनी उघडी अशी खोप बांधली, काकीच्या इंजिनासाठी. वाडीत कुणाकडेही कार्य असलं की ते आधी जाऊन विचारायचे, "इंजिन खंय ठेवतल्यात?" उत्तर आवडलं नाही तर तिथंच उभे राहायचे. आता काकीला कुणी हसत नसे.

साठ सालानंतर काही वर्षांनी गावात विजेचे खांब आले. काकीला बोलावणी कमी होत गेली. देवगडहून एक आंब्याचा व्यापारी तिचं इंजिन विकत घ्यायला आला. धट्टाकट्टा माणूस, हसरा. काकीनं त्याला सगळं समजावायला सुरुवात केली, तसा तो म्हणाला, "काकी, माका शिकव नको. मी कशाक भियाणारो नाय."

"मगे माझा इंजिन तुका नको," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी देवगडकडचंच एक जोडपं आलं. नवरा इंजिनाजवळ जाऊन चाकं फिरवून बघत होता. बायको मात्र पाच पावलं लांब उभी, पदर मुठीत धरून. "ह्या फुटता काय हो?" तिनं हळूच विचारलं. काकीनं तिला हात धरून जवळ आणलं. दोन दिवस तिनं त्या दोघांना आपल्याकडे ठेवून घेतलं. शिकवलं मात्र बायकोलाच. पेट्रोल, रॉकेल, वारा, वाळू, तेल, सगळं. तिसऱ्या दिवशी सकाळी इंजिन गाडीत चढलं.

आम्ही दोघी वाटेवर उभ्या होतो. गाडी वळणापलीकडे गेली तशी काकीनं मोठा श्वास सोडला आणि माझ्याकडे बघून हसली. तिला इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"सुटलंय गो," ती म्हणाली. "आता माका कसली भीती नाय."

आम्ही घराकडे वळलो. फाटकापाशी येऊन ती थांबली. परसात सगळं शांत होतं. कुठं काही वाजत नव्हतं.

"आमचे हे ह्या इंजिनाच्या आवाजावरना गाणी म्हणायचे," ती म्हणाली. "सूर धरूक बरो, म्हणायचे. मी सुरू केलंय काय माका तेंचो आवाज येयत असा. म्हणान इतकी वर्सां विकूक नाय."

मग ती फाटक धरून खालीच बसली. मी तिला दोन्ही हातांनी धरलं आणि आमच्या घरी घेऊन आले. मामंजी ओसरीवर जाळं विणत होते. ते उठले आणि त्यांनी तिला बसायला आपला पाट दिला.